नाव झाकलेलं भरीत चाखायला जाताना

चंपाषष्ठी झाली की आमच्या जळगाव-यावल-रावेरकडे भरीत पार्ट्यांचा धडाका सुरू होतो. चातुर्मासात सोडलेलं वांगं खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून पुन्हा ताटात येतं, आणि मग माघ संपेपर्यंत रविवार मोकळा सापडत नाही. या पार्ट्यांत आम्ही आमच्या गोतावळ्यापुरता एक निराळा प्रकार घुसवला आहे. वाटीवर फक्त आकडा. वांगं कुठल्या गावचं, भाजलं कशावर, ठेचलं कोणी, काही सांगायचं नाही. चाखायचं, चिठ्ठीवर लिहायचं आणि सगळ्यांचं लिहून झाल्यावर यादी वाचायची. मी शाळेत विज्ञान शिकवते, त्यामुळे आकड्यांच्या चिठ्ठ्या चिकटवायचं काम आपसूक माझ्याकडे आलं. नवे पाहुणे दरवर्षी तेच ते विचारतात, म्हणून एकदाच लिहून टाकते.

कल्पना आमची नाही, भाच्याची. तो पुण्यात बिअरच्या धंद्यात आहे. हॉप्सच्या वेलीची फुलं एरवी भट्टीत वाळवून वर्षभर वापरतात. पण तोडणीच्या दिवसांत काही जण ती ओली, ताजी, शक्यतो तोडल्यापासून दिवसाभरात बिअरमध्ये घालतात. अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात ऑगस्ट-सप्टेंबरला ही तोडणी असते आणि त्या भागात अशा बिअर चाखायचा तो हंगामच असतो. ब्रूअरीचं नाव कळू नये म्हणून ग्लासांवर नुसते नंबर टाकून पुढे ठेवतात. हे सगळं तो रंगवून सांगत होता आणि आमचे आप्पा, म्हणजे माझे सासरे, शांतपणे म्हणाले, "मंग आपलं वांगं काय वाईट हाये? तेबी सकाळी तोडलेलं अन् दुपारी खाल्लेलंच." बिअर पुण्यात राहिली, आकडे आमच्याकडे आले.

खान्देशात याची गरज जास्त आहे, असं माझं मत. आपण वांगं कमी आणि गावाचं नाव जास्त खातो. बामणोदचं म्हटलं की यावलकर डोळे मिटून वाहवा करणार. आसोद्याचं म्हटलं की जळगावकर. २०१६ मध्ये जळगावच्या भरीत वांग्याला भौगोलिक मानांकन मिळालं, केळीलाही त्याच वर्षी. तेव्हापासून तर अभिमानाला कागदाचा आधार आला आहे. अभिमान असावा, पण जीभ काय म्हणते तेही एखाद्या रविवारी ऐकून घ्यावं.

बोलावणं आल्यावर पहिला प्रश्न हा विचारा: काय झाकलंय? गाव झाकलं असेल तर बाकी सगळं सारखं हवं. सगळी वांगी एकाच दिवशी तोडलेली, एकाच प्रकारच्या काड्यांवर भाजलेली, एकाच हाताने ठेचलेली, मीठ मोजून घातलेलं. भाजणी झाकली असेल, म्हणजे तुरीच्या काड्या, कपाशीच्या काड्या आणि गॅस यांतला फरक बघायचा असेल, तर वांगी एकाच वाफ्यातली पाहिजेत. काही ठिकाणी उत्साहाच्या भरात चार घरची चार भरतं, ज्याची त्याची फोडणी, ज्याचं त्याचं तेल, असं मांडतात आणि वर आकडे लावतात. मजा येते, जेवणही होतं, पण कळत काही नाही. अशा ठिकाणी जरूर जा, फक्त चिठ्ठी भरायची तसदी घेऊ नका.

जायच्या दिवशी

सकाळी पोहे खाऊन निघा. उपाशी माणसाला पहिली वाटी नेहमी सगळ्यात चांगली लागते. पोह्यांवर मिरची नको आणि निघताना चहाही कोमटच घ्या. पोळलेल्या जिभेला दुपारपर्यंत काही कळत नाही. तंबाखू, पान, सुपारी, बडीशेपसुद्धा, तासभर आधी बंद. आमच्याकडे ही अट सांगितली की निम्मे पुरुष हिरमुसतात. मग मी त्यांना वाढपी करते.

अत्तर लावू नका. बायकांनी गजरा घालू नये, डोक्याला वासाचं तेल चोपडू नये; शेजारचीला तुमच्या खोबरेलापलीकडे काही कळणार नाही. अंगावर जुने सुती कपडे घाला, कारण धुराचा वास दोन धुण्यांशिवाय जात नाही. मार्गशीर्षात तापीकाठच्या मळ्यांत सकाळी चांगलंच झोंबतं, तेव्हा स्वेटर हवा, पण तोही जुनाच. सर्दी असेल तर सरळ कळवा आणि फक्त जेवायला या. चव म्हणून आपण जे सांगतो त्यातलं पुष्कळसं नाकाचं काम असतं, त्यामुळे चोंदलेल्या नाकाने दिलेला क्रम यादीत धरता येत नाही.

स्वतःचं पेन आणा. एवढी साधी गोष्ट कोणी आणत नाही.

वांगी घेऊन यायला सांगितलं असेल तर त्याच पहाटे तोडलेली आणा. आदल्या दिवशी बाजारातून घेऊन फ्रिजमध्ये ठेवलेली नकोत. दहा-बारा अंशांच्या खाली वांग्याला थंडी बाधते, गर आणि बिया आतून तपकिरी पडतात आणि भाजल्यावर ते झाकलं जात नाही. आपली भरताची वांगी फिकट हिरवी, अंगावर पांढरट रेघा, हातात मावणार नाहीत एवढी. दोन सारख्या आकाराची उचलून बघा आणि हलकं लागेल ते घ्या. जड वांग्यात बिया भरलेल्या असण्याची शक्यता जास्त. देठ हिरवागार आणि लांब ठेवून तोडा, तो पुढे लागतो. गावाचं नाव पिशवीवर लिहू नका. ते आकडे लावणाऱ्या माणसाच्या कानात सांगायचं आणि स्वतःही विसरायचं, कारण आपण आणलेलं वांगं वाटीत ओळखायचा मोह फार वाईट.

मळ्यावर

आल्या आल्या सगळे भट्टीपाशी जातात. बघण्यासारखं असतंच. वांग्यांना टोचे मारून, तेलाचा हात फिरवून काड्यांच्या थरावर मांडलेलं असतं, वर आणखी काड्या, आणि पेटवलं की धडधड जाळ. काही मिनिटांत वांगी काळी ठिक्कर होतात, मग निखाऱ्यात उलटीपालटी करतात. सोलायला आमच्याकडे दोन मावशी येतात, त्यांचे हात बघत बसावे. डाव्या हाताने देठ धरून वांगं उलटं लोंबतं ठेवायचं, उजवा हात पाण्यात बुडवायचा आणि वरून खाली एकच सरकता फटका मारायचा. जळलेली साल लांब पट्टीने निघते आणि आतून फिकट हिरवा, वाफाळता गर दिसतो. खाली बोटभर उरलेली काळी खपली नखाने काढतात, पण सगळी नाही. थोडी राहिली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. वांगं पाण्यात मात्र बुडवत नाहीत. धुतलं की धूर गेला.

हे लांबून बघा. नाकाला वासाची सवय होते, ही अडचण आहे. जाळाजवळ पंधरा-वीस मिनिटं उभं राहिलेल्या माणसाला वाटीतला धूर जाणवत नाही आणि तो बिनदिक्कत लिहितो की "धुराचा वास कमी". चाखणाऱ्यांनी वाऱ्याच्या वरच्या अंगाला, केळीच्या बागेकडे बसावं. भट्टीवर राबणाऱ्यांनी चाखू नये, हा आमचा नियम. त्यावरून भाऊजी अजून रुसलेले आहेत.

ठेचणं बडजीत, म्हणजे भरीत ठेचायच्या भांड्यात, लाकडी मुसळीने. मिक्सर कोणी आणला तर त्याला परत पाठवावं: गर पिठूळ होतो, बिया फुटतात आणि सगळ्या वाट्या एकसारख्या लागतात.

वाटी हातात आल्यावर

पहिली फेरी कोरी असते. नुसतं भाजलेलं, ठेचलेलं वांगं आणि मोजकं मीठ. मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे काही नाही. इथे पाहुण्यांचे चेहरे पडतात. पण मिरची आली की वांगं मागे जातं, आणि तिखटाची आच एका वाटीवरून दुसऱ्या वाटीवर चढत जाते. चौथ्या वाटीला लागलेलं तिखट बरंचसं पहिल्या तीन वाट्यांचं असतं.

सारख्या स्टीलच्या वाट्या, प्रत्येकीत दोन चमचे, वर तीन आकडी क्रमांक: ४१७, ८६२, २९५ असे. एक-दोन-तीन किंवा अ-ब-क लिहीत नाही, कारण पहिला आणि 'अ' दिसला की मन आधीच त्याला वर बसवतं. क्रमही प्रत्येकाचा वेगळा लावते. तुमच्या शेजारणीची पहिली वाटी तुमची पाचवी असेल, तेव्हा तिच्याकडे बघून चमचा उचलू नका. पाचांपेक्षा जास्त वाट्या मी ठेवत नाही. कोणी दहा ठेवल्या तर पुढच्या पाचांचं काय लिहिता यावर फार विसंबू नका.

लगेच तोंडात टाकू नका. गरम भरताला सगळं माफ असतं. सगळ्या वाट्या बोटाला सारख्या कोमट लागेपर्यंत थांबा, तोवर नुसता वास घ्या, डोळे मिटून. डोळे मिटायचं कारण रंग. हिरव्या वांग्याचं भरीत फिकट राहतं, जांभळ्या वांग्याचं करडं दिसतं, आणि मी कधीकधी कृष्णाकाठचं जांभळं वांगं मुद्दाम मधे घुसवते. डोळ्यांनी ओळखलं तर जिभेला काम उरत नाही.

मग अर्धा चमचा, नुसता. भाकरीबरोबर नाही. जिभेवर पसरा, टाळूला दाबा. बिया दाताखाली येतात का? तार लागते का? गिळण्याआधी एकदा नाक चिमटीत धरा. चव एकदम सपाट होते, उरतं मीठ, किंचित गोडवा आणि असला तर कडवटपणा. आता नाक सोडा. धूर मागून, घशाकडून वर येतो. तो कसा येतो हे टिपायचं. लाकूडकाडी जळताना तिच्यातल्या लिग्निनपासून ग्वायाकॉल, सिरिंगॉल अशी द्रव्यं तयार होतात आणि धुराचा म्हणून जो वास आपल्याला आवडतो तो बराचसा त्यांचा. गॅसच्या ज्योतीत काडी जळतच नाही, त्यामुळे तिथे जळक्या सालीचा वास असतो, काड्यांच्या धुराचा नसतो. एकदा नाक सोडून हा फरक पकडला की पुन्हा चुकत नाही. आप्पा गावाचं नाव सांगायच्या भानगडीत पडत नाहीत, पण गॅसवरचं वांगं ते वाटी नाकाशी नेऊनच बाजूला सारतात.

दोन वाट्यांच्या मधे ज्वारीच्या कोऱ्या भाकरीचा तुकडा आणि कोमट पाणी. कळण्याची भाकरी आत्ता नको, तिच्यातल्या उडदाची स्वतःची चव आहे. मुळा, कच्चा कांदा, लिंबू तर अजिबात नको. ते सगळं जेवताना.

आणि तोंड बंद. हे सगळ्यात अवघड. एखाद्या वजनदार माणसाने "आहाहा" केलं की ओसरीवरच्या सगळ्या चिठ्ठ्या तिकडे झुकतात. भुवया उडवणं, मान डोलवणं, शेजाऱ्याला कोपर मारणं, हेही बोलणंच. लिहून होईपर्यंत भिंतीकडे तोंड करून बसलात तरी चालेल.

चिठ्ठीवर काय लिहायचं

"छान", "फस्क्लास", "एक नंबर" एवढंच लिहिणार असाल तर कागद कोरा द्या. दहापैकी गुणही देऊ नका. आपली माणसं भिडेखातर सगळ्यांना सात देतात. वाट्या आवडीप्रमाणे ओळीने लावा, पहिली ते पाचवी, बरोबरी न करता, आणि प्रत्येकीपुढे दोन शब्द, की ती तिथे का.

शब्द आपल्याकडे भरपूर आहेत, नुसते आठवायचे. पाणी सुटलं असेल तर पचपचीत. जास्त कुटलं असेल तर गिचका. कोवळं, अर्धवट भाजलेलं असेल तर तुरट. जून, बियांचं असेल तर कडसर आणि दाताखाली खरखरीत. जाळ जोराचा आणि वेळ कमी मिळाला असेल तर बाहेरून करपट, आत कच्चट. धुरासाठी मी मुलांना तीनच प्रश्न विचारायला सांगते: गोड आहे की झोंबरा, आधी येतो की नंतर, गिळल्यावर किती राहतो. कपाशीच्या काड्यांचा जाळ चटकन भडकतो. तुरीच्या काड्यांवरचा धूर मला जास्त मऊ लागतो. हे माझं मत. कपाशीवर किती फवारे बसतात हे डोळ्यांनी बघितल्यामुळेही मी तुरीच्या बाजूची असेन.

गावाचं नाव लिहायचंच असेल तर सगळ्यात शेवटी, कागदाच्या मागच्या बाजूला. आधी नाव सुचलं की पुढचे सगळे शब्द त्या नावाला शोभतील असेच येतात. "बामणोदचं असणार" असं एकदा मनात आलं, की त्या वाटीतल्या बियासुद्धा मऊ वाटायला लागतात.

एक गोष्ट मी पाहुण्यांना आधी सांगत नाही, पण तुम्ही वाचताय म्हणून सांगते. पाच वाट्यांत बहुधा दोन सारख्याच असतात, एकाच बडजीतल्या, आकडे वेगळे. तुम्ही एक दुसऱ्या नंबरला आणि एक तिसऱ्याला लावली तर तुमच्या जिभेवर विश्वास ठेवता येतो. एक पहिली आणि एक पाचवी आली, तर त्या दिवशी जे काही लिहिलंत ते हसण्यावारी न्यायचं. पुढच्या वर्षी पुन्हा या.

ज्यांना आणखी खोलात जायचं त्यांच्यासाठी तीन वाट्यांचा खेळ आहे: दोन सारख्या, एक वेगळी, वेगळी कोणती ते सांगा. नुसता अंदाज ठोकला तरी तिघांत एकाचं बरोबर येतंच. म्हणून बारा जण बसले आणि चौघांनी ओळखलं तर तो फरक नाही, नशीब आहे. बारांत आठांनी ओळखलं की मी मानते. आसोदा-बामणोदचं भांडण या खेळावर आणून ठेवलं की आवाज बराच खाली येतो.

दुसरी फेरी फोडणीच्या भरताची. तिथे हिरव्या मिरच्या, लसूण, पात, खोबऱ्याचे काप, दाणे, तेल, सगळं. ही फेरी लहान ठेवावी, दोन वाट्या पुरे. पाणी पिऊन तिखट जात नाही, कारण मिरचीतलं कॅप्सेसिन पाण्यात विरघळत नाही. दूध किंवा दही घ्या, दुधातलं केसीन ते धरून खाली नेतं. या फेरीत माझं लक्ष तेलाकडे असतं. चांगल्या भरताला तेल कडेने किंचित सुटतं आणि घास मोकळा राहतो. ज्या वाटीत तेलाचं तळं दिसतं तिथे वांग्याचं काहीतरी झाकायचं आहे, असं मी धरून चालते.

यादी वाचल्यावर

यादी वाचायच्या आधी पेनं गोळा करतात, याचा राग मानू नका. आपल्या गावचं वांगं खाली गेलेलं ऐकलं की चिठ्ठीवरचा चारचा आकडा भराभर एक होतो, हे बघितलेलं आहे. निकाल एका मळ्याच्या, एका दिवसाच्या वांग्यांचा असतो, गावाचा नाही, एवढं सगळ्यांना ऐकू जाईल असं एकदा म्हणावं. नंतर भांडू द्यावं. भांडणाशिवाय भरीत पार्टी कसली?

जेवण त्यानंतर. केळीच्या पानावर पुऱ्या, कळण्याची भाकरी, मुळा-काकडीची कोशिंबीर, ठेचा, आणि भरीत मोजमाप न ठेवता. भाकऱ्या थापणाऱ्या बायका सकाळपासून चुलीपुढे असतात आणि कौतुक सगळं भट्टीवरच्या पुरुषांचं होतं. तेव्हा आधी त्यांना बसवा, वाढायला तुम्ही उभे राहा.

आणि जे वांगं पहिलं लावलंत त्याचं बी हवं असेल तर त्या शेतकऱ्याला त्याच दिवशी सांगून ठेवा. बियाण्याचं वांगं तोडत नाहीत, झाडावरच पिवळं पडू देतात, आणि ते झाड आधीच खूण करून राखावं लागतं. पावसाच्या तोंडावर फोन करून मागितलं तर "संपलं ना बाई" एवढंच उत्तर मिळतं.